अवधाण कशाचं?

त्या दिवसांत मी घरातली प्रत्येक बैठक पारखून घेतली. हॉलमधला सोफा, जेवणाच्या टेबलाची खुर्ची, ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची, जिन्याची पायरी, न्हाणीघरातलं स्टूलसुद्धा. कुठेही टेकलो की थोड्याच वेळात कमरेत डावीकडे, अगदी आत, काहीतरी कुरकुरायला लागे आणि मी उठे. उठलं की चालावंसं वाटे, चाललं की बसावंसं वाटे. आडवं झालं तर डावा पाय सरळ करवत नसे. गुडघ्याखाली उशी घेतली की जरा शांत, मग तीही नकोशी. बायको म्हणायची, हे आपलं घर आहे, एसटी स्टँड नाही. कुठेतरी एका जागी बसा.

मी निवृत्त शिक्षक. सगळी नोकरी जुन्नरच्या एका शाळेत मराठी शिकवण्यात गेली आणि राहिलो मात्र वारूळवाडीला. म्हणजे रोज नारायणगाव स्टँडवरून एसटी, आणि उभ्यानेच बहुधा. त्यामुळे उभं राहणं आणि चालणं या दोन गोष्टी मला बऱ्या जमतात. निवृत्तीनंतर सकाळी कालव्याच्या कडेने लांबवर जाऊन यायचं, हा एकच नेम मी पाळला. देवपूजा, योगासनं, ज्येष्ठ नागरिक संघ यांपैकी कशातही मी नाही. मला चालल्याशिवाय विचार करता येत नाही, आणि विचार केल्याशिवाय माणसांना सहन करता येत नाही. म्हणून डावा पाय आखडायला लागला तेव्हा बाकीच्यांना ते एक दुखणं वाटलं. मला वाटलं, आता आपण खुर्चीतले म्हातारे होणार. घरी येणाऱ्याला पेपरमधल्या बातम्या सांगणारे.

सुरुवात पायातल्या जखमेने झाली होती. माझा मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, गावाच्या शिवेवरची आमची जमीन करतो. मी तिथे सल्ला द्यायला जातो. तो ऐकत नाही. असं आमचं वर्षानुवर्षं उत्तम चाललंय. टोमॅटोचा हंगाम संपून त्याने बांबू उपटायला काढले होते. तारा गुंडाळून बांधावर टाकल्या होत्या. त्यातल्या एका तारेचं तुटकं टोक माझ्या चपलेतून वर आलं आणि डाव्या पायाच्या चवड्यात शिरलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, मलमपट्टी केली. जखम चिघळली, लाल झाली, थोडा पू झाला, मग हळूहळू भरून आली. त्यात काही विशेष नव्हतं. शेतात जाणाऱ्याचे पाय कायमच थोडेफार फुटलेले असतात.

जखम भरत आली आणि जांघेत दुखायला लागलं. हात लावला तर आत एक बोथट फुगवटा. मी दादाला सांगितलं. त्याने हातातला विळा खालीसुद्धा ठेवला नाही.

“अवधाण आलंय,” तो म्हणाला. “पायाला लागलं का जांघंत येतंच. त्याला काय दवाखाना लागत न्हाई.”

अवधाण. हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पायाला जखम झाली, गळू झालं, की जांघेत गाठ येते. हाताला झालं की काखेत. त्या गाठीचं हे नाव. लहानपणी आमच्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी अवधाण आलेलं होतं. मी शिकवलेल्या एकाही पोराला हा शब्द ठाऊक नसणार. ती सगळी ‘इन्फेक्शन’वाली. मला इतका आनंद झाला की जांघ दुखतेय हे क्षणभर विसरलो. घरी येऊन जाडजूड शब्दकोश काढला. अवधान म्हणजे लक्ष. अवधाण म्हणजे जांघेतली गाठ. न आणि ण यांच्यात एवढं अंतर कसं पडलं? की ते अंतर नाहीच, आणि पायाच्या दुखण्याकडे शरीराने दिलेलं लक्ष म्हणजेच ही गाठ? सगळी दुपार मी त्यात घालवली. संध्याकाळी मला थंडी वाजून ताप आला. शब्दाचा उगम सापडला नव्हता, पण दुखण्याला चांगलं नाव मिळालं होतं. आणि चांगलं नाव मिळालं की मला प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. भाषेच्या मास्तरांचा हा जुना रोग आहे.

मग दादाचे उपचार सुरू झाले. रुईच्या पानाला तेल लावून तव्यावर शेकायचं आणि जांघेत बांधायचं. त्याने उतार पडेना तेव्हा जवसाचं पोटीस. दादाचं शास्त्र साधं होतं. गाठ बसेल, नाहीतर पिकेल. पिकली तर तोंड धरेल, तोंड धरलं की फुटेल, फुटलं की मोकळं. रोज संध्याकाळी येऊन तो विचारायचा, पिकलं का? जणू माझ्या जांघेत आंबा लावलाय आणि त्याला मार्केटला न्यायचाय. ते काही पिकत नव्हतं. वरून कातडी थंड, रंग नेहमीचा, सूज हाताला लागेल न लागेल अशी. डोळ्यांनी पाहणाऱ्याला मी धडधाकट होतो. फक्त रोज दिवेलागणीला अंगात थंडी भरायची, दात वाजायचे, वर दोन चादरी, मग घाम, मग बनियन बदला. सकाळी मी पुन्हा माणसात. जेवण जाईनासं झालं. पाठ दुखायची ती मी वयावर घातली. पँट कमरेला सैल झाली ती मी जेवणावर घातली. ताप अवधाणावर. प्रत्येक लक्षणाला मी वेगळा मालक शोधून दिला होता, त्यामुळे एकत्र हिशेब कुणी मागेना.

बायको मागत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, गणित शिकवायची. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिचा अजूनही असा समज आहे की उत्तर बरोबर असून उपयोग नाही, रीतही बरोबर हवी. दवाखान्यात चला, असं ती रोज म्हणायची. मी रोज म्हणायचो, मेळावा होऊन जाऊ दे.

हा मेळावा म्हणजे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा. त्यांच्या एका जुन्या तुकडीने मला शोधून काढलं होतं आणि माझा सत्कार ठरवला होता. मी आधी नाही म्हटलं. सत्कार म्हणजे जिवंतपणी केलेली शोकसभा, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांना फोनवर सांगितलंही. ते खूप हसले. सर अजून तसेच आहेत, असं म्हणाले आणि त्यांनी हॉल बुक केला. पत्रिकेत माझ्या नावामागे जी विशेषणं छापली होती, ती पाहून बायको म्हणाली, यांतली दोन तर एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

जुन्नरच्या त्या मंगल कार्यालयात आम्ही पोचलो तेव्हा दारात तुतारीवाला उभा होता. मला फेटा बांधला. फेटा बांधणाऱ्याला माझं डोकं लहान वाटलं असावं. त्याने तो इतका आवळला की भुवया वर गेल्या आणि पुढचा सगळा वेळ मी कौतुकाने चकित झाल्यासारखा दिसत राहिलो. प्रमुख पाहुणे माझाच एक विद्यार्थी, आता राजकारणात बऱ्यापैकी वर गेलेला. ते ओझरला गणपतीचं दर्शन घेऊन निघालेत, असं सूत्रसंचालक सांगत होता. मग रस्त्यात आहेत, असं सांगितलं. मग पोचतच आहेत. दरम्यान त्याने इतके शेर ऐकवले की पाहुणे वेळेवर येण्याचं महत्त्व मला नव्याने पटलं.

व्यासपीठावर मला सिंहासनासारखी एक मखमली खुर्ची दिली होती. लग्नात नवरा-नवरीला देतात त्यातली. बसल्याबरोबर मी तिच्यात खोल रुतलो, गुडघे पोटाजवळ आले, आणि कमरेतली ती कुरकुर थांबली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मला एका जागी बसवलं. सत्काराच्या खुर्चीत मला आराम वाटतोय, ही कल्पना मात्र फार त्रासदायक होती. मी ती सोसली. लोकांनी भाषणं केली. मी एकाला तास चालू असताना वर्गाबाहेर काढलं होतं त्यामुळे त्याचं आयुष्य घडलं, असं तो म्हणाला. मला तो आठवत नव्हता. वर्गाबाहेर काढलेल्या बाकीच्यांचं काय झालं, हे कुणी सांगितलं नाही.

मग पाहुणे आले आणि शाल द्यायची वेळ झाली. मी उठलो. म्हणजे उठायला गेलो. डावा पाय खाली टेकेना. टाच अधांतरी राहिली, आणि ती टेकवायला बघावं तर कमरेतून अशी कळ यायची की डोळ्यांपुढे माणसं पुसट व्हायची. मी पुढे वाकलो. वाकलं की कळ कमी. मग तसाच वाकून उभा राहिलो. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, फोटोवाल्याने वर बघा, सर, वर बघा असं सांगितलं, मला मानच तेवढी वर करता आली. पाहुणे शाल घालून मागे सरले तरी मी वाकलेलाच.

पाहुण्यांनी माइक घेतला. सराईत माणूस. समोर जे दिसेल त्यातून भाषण काढणारा.

“बघा मित्रांनो,” तो म्हणाला, “केवढा मोठा माणूस, पण आपल्याच विद्यार्थ्यांपुढे कसा वाकतो. ही नम्रता आता कुठं राहिलीय?”

टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. काही जण उभे राहिले. पुढच्या रांगेत एकीने डोळ्यांना पदर लावला. मी ज्या गोष्टींची आयुष्यभर टिंगल केली त्यांत ही भर स्टेजवरची नम्रता पहिल्या क्रमांकाची. आता ती माझ्याच अंगाला चिकटली होती आणि मला सरळ होऊन ती झटकताही येत नव्हती. मी वाकलेल्या अवस्थेत समोर पाहिलं. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. बायको वाजवत नव्हती. ती माझ्या पायाकडे बघत होती.

परतताना एका विद्यार्थ्याने गाडीने सोडलं. घरी आल्यावर मी फेटा काढून सोफ्यावर टेकलो, पुन्हा उठलो, पुन्हा टेकलो. बायको समोर उभी राहिली.

“तुम्ही आजवर कुणापुढे वाकला नाहीत,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांपुढे लग्नातसुद्धा नीट वाकला नव्हतात. आज काय झालं?”

मी म्हटलं, अवधाण दुखत होतं.

“चवड्याची जखम भरून कातडी आली. मग हे अवधाण कशाचं?”

ती पुढे बोलतच राहिली, फळ्यापुढे उभी असल्यासारखी. अवधाण जखमेमुळे येतं, तर जखमेबरोबर जायला हवं. ते जखम गेल्यावर वाढतंय. शिवाय चवड्याला लागलेला माणूस चवडा उचलतो आणि टाचेवर चालतो. तुम्ही चवडा टेकता आणि धडधाकट टाच उचलता. म्हणजे दुखणं पायात नाही. पाय फक्त कुणाचं तरी ऐकतोय.

मी म्हटलं, दादा म्हणतो की पिकू दे.

ती म्हणाली, “दादांना म्हणावं, टोमॅटो पिकवा.”

सकाळी आम्ही नारायणगावच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जांघ पाहिली. टेबलावर उताणा झोपायला सांगितलं. मी झोपलो, डावा गुडघा वर. त्यांनी तो हळूच खाली दाबला. पाय खाली गेला आणि कंबर टेबलावरून वर उचलली गेली, कमान झाल्यासारखी. त्यांनी दाब सोडला, कंबर खाली आली, गुडघा पुन्हा वर. बागेतल्या मुलांच्या सी-सॉच्या फळीसारखं: इकडे दाबलं की तिकडे वर. मग त्यांनी बोटातून रक्त काढून साखर पाहिली. ती भरपूर निघाली. मला मधुमेह आहे, हे मला त्या टेबलावर कळलं. इतकी वर्षं मी स्वतःला गोडबोल्यांपासून जपत आलो होतो, आणि आतून हे.

डॉक्टरांनी कागदावर मणका काढला आणि त्याच्या बाजूने पोटाच्या मागून जांघेपर्यंत उतरणारा एक लांब पट्टा. हा मांडी वर उचलणारा स्नायू, ते म्हणाले. त्याचं इंग्रजी नाव सोअस. लिहिताना सुरुवातीला एक प असतो, तो उच्चारायचा नाही. मी मनात म्हटलं, म्हणजे आमच्या प्रमुख पाहुण्यांसारखंच, पत्रिकेत असायचं आणि कामात नसायचं. पण पुढचं ऐकताना विनोद थांबला. या स्नायूत पू झाला असावा. पू तिथेच वर, आत. तो स्नायूच्या आवरणातून खाली उतरत जांघेत आला की तिथे फुगवटा दिसतो, आणि लोकांना वाटतं दुखणं जांघेचं. स्नायू ताणला की दुखतो, म्हणून शरीर मांडी वर ओढून धरतं, पुढे वाकतं. तुम्ही वाकत नव्हता, ते म्हणाले, तुमचा स्नायू तुम्हाला वाकवत होता.

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढी सभ्यता तिच्याकडे आहे.

मी विचारलं, मग तो तोंड का धरत नाही? त्यांनी सांगितलं, वरच्या गळवाला फुटायला जवळ कातडी असते. याच्या पुढे आतडी आणि मागे मणका. हा फुटला तर कुठे फुटेल ते सांगता येत नाही. आणि याची वाट बघायची नसते. शरीर पुवाभोवती जाड भिंत बांधतं, म्हणजे तो पसरत नाही. पण त्याच भिंतीमुळे गोळीतलं औषध आत पोचत नाही. म्हणून आत नळी घालून काढावाच लागतो. उशीर केला तर विष रक्तात जातं, आणि तुमची साखर एवढी असताना ते आवरत नाही.

शेवटी ते जरा खालच्या आवाजात म्हणाले की आणखी एक गोष्ट बघावी लागेल. असा पू कधी कधी मणक्याच्या क्षयातून उतरतो. तसं असेल तर मणका खचू शकतो, पायांतली शक्ती जाऊ शकते, उपचार लांबतो. नसेल तर पाय बहुतेक पूर्ववत होईल. त्या ‘बहुतेक’वर मी पुढचे सगळे दिवस काढले.

मंचरला, म्हणजे शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, एका दवाखान्यात सीटी स्कॅन झाला. पडद्यावर माझा छेद दाखवला: काळसर करडा, मध्ये पांढरा मणका, दोन बाजूंना दोन स्नायू. उजवा नीट, गोल. डावा फुगून जवळजवळ दुप्पट, आणि त्याच्या पोटात एक काळपट डबकं. मी माणसांना आतून ओळखतो अशी माझी समजूत होती. स्वतःला आतून पाहायची ही पहिलीच वेळ. तिथल्या सर्जनने पाठीत सुई घातली, मग सुईच्या वाटेने नळी, आणि नळीच्या टोकाला पिशवी. जागा बधिर केली होती, तरी आत काहीतरी सैल झाल्याचं कळलं. पिशवीत पिवळट हिरवट घट्ट पू उतरायला लागला. वास काही वेळ खोलीभर होता. शहाण्यासुरत्या, पुस्तकं वाचणाऱ्या माणसाच्या आत इतके दिवस हे साठत होतं आणि वरून त्याला शाल घातली होती.

त्यातला थोडा पू तपासणीला गेला. क्षय की साधा, हे त्यातून कळणार होतं.

ती वाट बघणं फार वाईट. पिशवी खाटेला अडकवलेली, त्यामुळे उठायचं ते तिला घेऊन. आता दुखणं कमी होतं, पण अस्वस्थपणा सवयीचा झाला होता. मी खिडकीपाशी जाई, परत येई. दोन्ही पायांची बोटं हलवून पाही. डाव्याची थोडी उशिरा हलतात असं वाटे, मग उजव्याचीही उशिरा हलतात असं वाटे. खिडकीतून खाली रस्ता दिसायचा. कांद्याच्या पिशव्या भरलेले पिकअप, मोटारसायकलवर तिघे-तिघे, हातात भेळेची पुडी घेऊन रस्ता ओलांडणारी माणसं. सगळी टाचा टेकवून चालत होती आणि एकालाही त्याचं काही वाटत नव्हतं. बायको स्टुलावर बसून शब्दकोडं सोडवायची. आडवे शब्द ती करायची, उभे मला विचारायची. एकदा तिने कोड्यातून मान वर न करता विचारलं, लक्ष, चार अक्षरी? मी उत्तर दिलं. ती म्हणाली, शेवटचं अक्षर न ना? मग दोघांनाही हसू आलं, आणि हसताना पाठीतली नळी दुखली.

दादा रोज एसटीने मंचरला यायचा. येताना घरचं ताक आणि शेतातली काकडी. त्याच्या उपचारांबद्दल कुणी त्याला काही म्हटलं नव्हतं, पण तो खाटेपासून लांब, दाराशी बसायचा. एका दिवशी त्याने सांगून टाकलं की त्याने ओझरच्या गणपतीला नवस बोललाय: भाऊ पायावर उभा राहिला की त्याला पायी दर्शनाला आणतो. मी म्हटलं, नवस तुझा आणि पाय माझे, हा कुठला व्यवहार? तो म्हणाला, देवाला त्यातलं काय कळतंय.

रिपोर्ट आला. क्षय नव्हता. साधे जंतू, कातडीवर नेहमी असतात त्यातलेच. सर्जनने विचारलं, गेल्या काही आठवड्यांत कुठे जखम, गळू काही झालं होतं का? मी चवड्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. बहुतेक तिथूनच रक्तात गेले आणि वर स्नायूत जाऊन बसले. साखर वाढलेली असली की त्यांना मोकळं रान मिळतं. पायाची जखम भरली ती भरलीच. पण ते आधीच निघून गेले होते.

दाराशी बसलेला दादा हे ऐकत होता. तो सावकाश उठून खाटेपाशी आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

“म्हंजी पायातूनच वर गेलं,” तो म्हणाला. “आन मी काय सांगत व्हतो?”

सर्जन हसले. बायकोने शब्दकोडं मिटलं. रीत चुकली होती, उत्तर अर्धं बरोबर आलं होतं, आणि अशा पोरांना अर्धे गुण द्यावे लागतात हे तिला माहीत होतं. तिने दादाला स्वतःचं स्टूल दिलं.

नळी निघाली, मी घरी आलो, पण पाय काही लगेच सरळ झाला नाही. इतके दिवस आखडलेला स्नायू, त्याला वाकलेलं राहणंच खरं वाटू लागलेलं. औषधं कित्येक आठवडे चालली. साखरेच्या गोळ्या आयुष्यभरासाठी चिकटल्या. रोज पालथं झोपायचं, पोटाखाली काही घ्यायचं नाही, आणि मांडी आपोआप खाली येईल तेवढी येऊ द्यायची. मग भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, टाच, पोटरी, बूड, खांदे. सुरुवातीला टाच फरशीच्या वर असायची, आणि खाली कागद सरकवला तर आरपार जायचा. बायको रोज कागद सरकवून बघायची. जुन्या प्रश्नपत्रिकेचा कागद असे. एका सकाळी तो अडकला. तिने दोनदा ओढून पाहिला. मग चहा ठेवायला आत गेली, आणि मी भिंतीला टेकून तसाच उभा राहिलो, उगीचच, सांगितल्यापेक्षा जास्त वेळ.

त्यानंतर केव्हातरी मेळाव्याचे संयोजक फोटो घेऊन आले. मोठी फ्रेम. मी वाकलेला, भुवया वर, खांद्यावर शाल. समोर पाहुणे किंचित मागे झुकलेले, माझ्या वाकण्याचा भार त्यांच्यावर पडतोय असे. खाली सोनेरी अक्षरांत ‘विद्या विनयेन शोभते’. मी दारात त्यांचं स्वागत केलं, सरळ उभा राहून, कारण सरळ उभं राहणं ही आता माझ्याकडे दाखवण्यासारखी एकमेव गोष्ट होती. त्यांच्या ते लगेच लक्षात आलं. चहा पिताना ते जरा जपून बोलत होते. पुढे बाजारात कुणीतरी दादाला म्हणालं की सत्कार झाल्यापासून सर जरा ताठ झालेत. दादाने ते मला मोठ्या आनंदाने सांगितलं. मी खुलासा केला नाही. पू, नळी, पिशवी हे सगळं सांगून परत नम्र ठरण्यापेक्षा ताठ बरा.

फ्रेम आम्ही कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

राहता राहिला नवस. दादा सोडेना. तडजोड अशी झाली की गाड्या ओझरच्या बऱ्याच अलीकडे लावायच्या आणि उरलेलं पायी. त्याच्या मागे मी बसलो, आमच्या मागे बायको एका शेजारणीच्या स्कूटीवर. गाड्या लावून आम्ही चालायला लागलो. दादा पुढे, भराभर, स्वतःचा नवस असल्यासारखा. मी मागून, प्रत्येक पावलाला टाच टेकतेय का ते मोजल्यासारखा ऐकत. चपलेचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा येत होता. मध्येच डावीकडे कमरेत काहीतरी टोचल्यासारखं झालं. मी थांबलो. हात पाठीमागे गेला, नळीची खूण आहे तिथे. काही नव्हतं. पण आता असं होतं. उगीचच हात तिकडे जातो, संध्याकाळी जरा गार वारा लागला की ही थंडी बाहेरची की आतली, असा विचार येतो. बायको मागून म्हणाली, चला, टेकतेय.

देवळात गर्दी बेताची होती. माझं आणि देवाचं फारसं येणं-जाणं नाही हे दादाला ठाऊक आहे. गाभाऱ्यासमोर त्याने हात जोडले, डोकं टेकवलं, आणि तसाच खालून माझ्याकडे बघत म्हणाला, “आता वाक की जरा. कुनी टाळ्या वाजवणार न्हाई.”

मी वाकलो. गुडघे, कंबर, मग डोकं. कुठे कळ आली नाही. खाली दगड गार होता आणि त्यावर सांडलेल्या दुर्वा कपाळाला चिकटल्या. मी मान थोडी वळवली. दादाचे डोळे मिटलेले होते. बायको खांबाशी उभी होती आणि तिने हातही जोडले नव्हते. ती माझ्याकडे बघत होती, अगदी तशीच, जशी त्या हॉलमध्ये बघत होती. मी वाकलो याचं तिला काही नव्हतं. मी परत सरळ होतो की नाही, तेवढंच ती बघत थांबली होती.